बाथरूममध्ये सेन्सरचा दिवा लावताय? आधी बटण कुठे आहे ते बघा!

संडासात निवांत बसलेला माणूस, हातात मोबाईल आणि अचानक मिट्ट काळोख! मग हवेत हात हलवायचे, दिवा लागतो, थोड्या वेळात पुन्हा विझतो. ऑफिसात किंवा मॉलमध्ये हा प्रकार अनेकांनी अनुभवलेला असतो. तोच सेन्सर आता घरोघरी येऊ लागलाय. वाईट काहीच नाही, पण बाथरूम ही घरातली सगळ्यात विचित्र खोली आहे. तिथे पाणी आहे, वाफ आहे, ओले हात आहेत आणि आजीपासून चार वर्षांच्या नातवापर्यंत सगळ्यांची ये-जा आहे.

सेन्सर घेणारे बहुतेक जण कारण देतात वीजबिलाचं. हिशेब करून बघा. ९ वॅटचा एलईडी बल्ब रोज ५ तास उगाच चालू राहिला, तरी महिन्याला जेमतेम १.३५ युनिट वीज जाते. १५ लिटरच्या गीझरमधलं पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला एका वेळेला साधारण ०.६ युनिट लागतं. म्हणजे महिनाभर विसरलेला दिवा हा दोन-सव्वादोन वेळा गीझर तापवण्याइतका. बिल कमी करायचं असेल तर गीझरकडे लक्ष द्या. सेन्सरचा खरा फायदा वेगळा आहे: ओल्या हातांनी बटण दाबावं लागत नाही आणि रात्री अंधारात भिंत चाचपडावी लागत नाही.

आता बटणाकडे वळू. आपल्याकडच्या कित्येक घरांत बाथरूमचा बोर्ड दाराबाहेर असतो. त्यामुळे आत अंघोळ करणाऱ्या दादाचा दिवा बाहेरून बंद करण्याचा खेळ पिढ्यान् पिढ्या चालत आलाय! पण बोर्ड बाहेर असण्याला भक्कम कारण आहे. ओल्या त्वचेचा विजेला होणारा विरोध कोरड्या त्वचेपेक्षा खूप कमी असतो. एरवी नुसता झटका देऊन सोडणारी वीज ओल्या अंगाला जिवावर बेतू शकते. बटण आत घ्यायचंच असेल तर ते शॉवर आणि नळाखाली उभ्या माणसाचा हात पोहोचणार नाही इतकं लांब, दाराजवळ हवं. चिल्ल्यापिल्ल्यांचं घर असेल तर नवा बोर्ड बसवताना तो जरा खाली घ्यायला सांगा, म्हणजे प्रत्येक वेळी "आई, दिवा लाव" अशी हाक येणार नाही.

वायरमनला आणखी एक विचारा: बटण फेजवर आहे ना? ते चुकून न्यूट्रलवर जोडलं असेल तर दिवा बंद दिसतो, पण होल्डरमध्ये वीज असतेच. बल्ब बदलताना कळतं, पण तेव्हा उशीर झालेला असतो.

सेन्सर मुख्यतः दोन जातींचे मिळतात. पहिला पीआयआर. हा स्वतः काही सोडत नाही, माणसाच्या अंगातून निघणारी उष्णता हलताना टिपतो. त्यामुळे त्याला 'माणूस आहे' हे कळत नाही, 'काहीतरी गरम हललं' एवढंच कळतं. कमोडवर स्थिर बसलेला माणूस त्याच्या दृष्टीने गायब! काचही त्याला भिंतीसारखीच. शॉवरला काचेचं पार्टिशन असेल तर पलीकडचा माणूस त्याला दिसत नाही. शिवाय तो अंग आणि आजूबाजूच्या भिंती यांच्या तापमानातला फरक शोधत असतो. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात भिंतीच अंगाइतक्या तापल्या की त्याची नजर मंदावते. विदर्भातल्या मंडळींनी हे जरूर लक्षात घ्यावं.

दुसरा मायक्रोवेव्ह, दुकानात काही जण याला रडार सेन्सर म्हणतात. हा लहरी सोडतो आणि परत आलेल्या लहरींवरून हालचाल ओळखतो. काच, प्लास्टिकचं कव्हर, उन्हाळा यांचा त्याला फारसा त्रास नाही, बारीक हालचालही तो पकडतो. पण त्याच्या लहरी पातळ दारातून बाहेर जातात. पॅसेजमधून कोणी गेलं तरी आत दिवा लागतो. त्याची संवेदनशीलता कमी करायची सोय आहे का, हे घेतानाच विचारा.

कोणताही घ्या, दिवा विझायची वेळ बदलता आली पाहिजे. अर्ध्या मिनिटाची वेळ जिन्याला ठीक, बाथरूमला किमान ५ ते १० मिनिटं हवीत. न्हाणीघर मोठं असेल किंवा मध्ये आडवी भिंत असेल तर सेन्सर छताला लावलेला बरा. पाणी उडेल तिथे लागणाऱ्या दिव्यावर आणि सेन्सरवर आयपी ४४ किंवा त्याहून वरचा आकडा बघा. त्यातला दुसरा ४ म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षण.

होल्डरमध्ये फिरवून बसवायचे सेन्सर बल्ब स्वस्त आणि सोपे वाटतात. त्यांची अडचण अशी की भिंतीवरचं बटण कायम चालू ठेवावं लागतं. घरातलं कोणीतरी सवयीने ते बंद करतंच, आणि मग रात्री दिवा लागत नाही.

रात्रीचा प्रश्न मात्र गंभीर आहे. आजी-आजोबा दोन-तीनदा उठतात, फरशी ओली असते आणि झोपेतून उठलेल्या डोळ्यांवर पांढराशुभ्र प्रकाश एकदम आदळला की काही क्षण नीट दिसत नाही. यावर उपाय सेन्सरच हवा असं नाही. अर्ध्या वॅटचा पिवळसर एलईडी झिरोचा दिवा रोज १० तास जळला तरी महिन्याला ०.१५ युनिट घेतो. पलंगापासून दारापर्यंतच्या वाटेवर असा एक आणि बाथरूममध्ये एक, दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर, एवढं पुरतं. मोठा दिवा बटणावरच राहू द्या.

स्मार्ट स्विच घेणाऱ्यांनी बोर्डात न्यूट्रलची तार आहे का हे आधी तपासावं. ती न लागणारे स्विचही मिळतात, पण त्यांच्यामुळे कधीकधी बंद केलेला एलईडी मिणमिणत राहतो.

आणि गीझर कुठल्याही दिव्याच्या सेन्सरवर जोडू नका. २००० वॅटचा गीझर ८-९ अँपिअर ओढतो. त्याला फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा १६ किंवा २० अँपिअरचा डबल पोल स्विचच लागतो. मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आहे का, हेही त्याच फेरीत वायरमनकडून बघून घ्या. एमसीबी तारा वाचवतो, माणसाला वाचवायचं काम आरसीसीबीचं. त्यावर 'टेस्ट' लिहिलेलं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. खटकन वीज गेली तर तो शाबूत आहे, नाही गेली तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा.