लोखंडाची आठवण

इंजिन झकास चाललंय. ऑइल प्रेशर ठीक, आवाज एकसुरी, धूर नावापुरता. आणि व्होल्टमीटरचा काटा मात्र शून्याला चिकटून बसलाय. अमेरिकेच्या लष्कराने लिलावात काढलेला जनरेटर कुणी हौसेने घरी आणतो, वादळात वीज गेली तर उपयोगी पडेल म्हणून, तेव्हा त्याच्या वाट्याला हा क्षण हमखास येतो. वर्ष-दोन वर्षं गोदामात उभं राहिलेलं यंत्र. कुठे तार तुटलेली नाही, काही जळलेलं नाही, तरी वीज नाही. असं का होतं, हे समजलं तेव्हा मी थक्क झालो होतो, आणि अजूनही होतो.

डोळ्यांपुढे अशा जनरेटरांपैकी एक, एमईपी-८०३ए, आणा. लष्करी हिरव्या रंगाची, अर्ध्या टनाहून जड पेटी. आत लिस्टर-पेटरचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, मिनिटाला १८०० फेरे आणि १० किलोवॅट वीज. फेरे १८००च का? रोटरला चुंबकाचे चार ध्रुव, म्हणजे दर फेऱ्याला विजेची दोन आवर्तनं. मिनिटाला ३६००, सेकंदाला ६०. अमेरिकेची वीज ६० हर्ट्‌झचीच. आपल्याकडच्या ५० हर्ट्‌झसाठी असंच यंत्र १५०० फेऱ्यांवर चालवावं लागेल.

आता खरा पेच. वीज तयार व्हायची तर तारेच्या गुंडाळीजवळून चुंबक फिरायला हवा. इथला चुंबक कायमचा नाही, विद्युतचुंबक आहे. त्याला चुंबक व्हायलाच वीज लागते, आणि ती वीज हेच यंत्र देणार. मग पहिली ठिणगी कुठून येते?

लोखंडाच्या आठवणीतून. आदल्या खेपेला यंत्र बंद झालं तेव्हा ध्रुवांच्या लोखंडात किंचित चुंबकत्व उरलं. या जातीच्या जनरेटरमध्ये मुख्य रोटरच्याच दांड्यावर एक छोटा जनरेटर बसवलेला असतो, त्याला एक्सायटर म्हणतात. त्याच्या स्थिर ध्रुवांत उरलेल्या त्या चिमूटभर चुंबकत्वात फिरणारी गुंडाळी अगदी थोडी वीज काढते. दांड्याबरोबर गरगरणारे डायोड ती एकदिश करून मुख्य रोटरला देतात. रोटर जरासा चुंबक होतो, बाहेरच्या गुंडाळीत काही व्होल्ट उमटतात. त्यातला वाटा व्होल्टेज रेग्युलेटर पुन्हा एक्सायटरकडे पाठवतो. चुंबकत्व वाढतं, म्हणून वीज वाढते, म्हणून चुंबकत्व आणखी वाढतं. हव्या त्या व्होल्टेजला रेग्युलेटर हात आखडता घेतो आणि काटा स्थिरावतो. हे सगळं काही क्षणांत घडतं.

ही कल्पना एकाच वेळी अनेकांना सुचली होती. १४ फेब्रुवारी १८६७ला लंडनच्या रॉयल सोसायटीत एकाच बैठकीत दोन निबंध वाचले गेले: एक चार्ल्स व्हीटस्टनचा, दुसरा वेर्नर सीमेन्सच्या शोधाबद्दल त्याचा भाऊ विल्यमचा. दोघांचं म्हणणं तेच. कायम चुंबकाची गरज नाही, लोखंडात उरलेलं पुरेसं आहे.

पण ही आठवण पुसली जाते. यंत्र फार दिवस पडून राहिलं, वाहतुकीत दणके बसले, तर लोखंड कोरं होऊ शकतं. लष्कराच्या इंजिनिअरांना हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी सोय स्टार्टच्या स्विचमध्येच घातली. स्विच ‘स्टार्ट’वर धरलेला असताना बॅटरीची वीज थोडी एक्सायटरच्या स्थिर ध्रुवांवरच्या गुंडाळीलाही जाते. नवखा माणूस इंजिन पेटलं की लगेच हात काढतो, कारमध्ये काढतो तसा. व्होल्टमीटरचा काटा उठेपर्यंत तो धरून ठेवायचा असतो. कितीतरी ‘बिघाड’ एवढ्यावर मिटतात.

बाकी बिघाडांत मला सगळ्यात आवडतो तो अर्थचा. या पेट्या २४ व्होल्टवर चालतात, १२च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. समजा सेल्फ मारला की नुसता टक् आवाज येतो. बॅटऱ्या बदलल्या, तरी टक्. मल्टिमीटर ओहमवर ठेवून निगेटिव्ह टर्मिनलपासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत तपासलं तर जवळपास शून्य, म्हणजे जोड उत्तम! पण ओहममापक तपासताना अगदी किरकोळ करंट सोडतो. सेल्फला लागतात शेकडो अँपियर. जोडात एका ओहमचा शंभरावा भाग अडथळा असला आणि ३०० अँपियर गेले, तर तीन व्होल्ट तिथेच उष्णता होऊन संपले. म्हणून मीटर डीसी व्होल्टवर घ्यायचा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं ब्लॉकच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. आकडा दोन-तीन व्होल्टवर उडाला की चोर सापडला. अर्थची पट्टी सोडवा, खाली बघा: रंग. रासायनिक अस्त्रांना दाद न देणारा तो चिवट लष्करी रंग विजेलाही दाद देत नाही. चकचकीत धातू दिसेपर्यंत घासायचा आणि बोल्ट आवळायचा.

पॅनेलवर ‘बॅटल शॉर्ट’ नावाचा झाकणाखालचा स्विचही असतो. लढाईत यंत्र जळालं तरी चालेल पण वीज थांबता कामा नये, अशा वेळी तो बहुतेक संरक्षणं बाजूला सारतो. घरी त्याला हात लावू नये, आणि बिघाड शोधताना तर मुळीच नाही. संरक्षण ट्रिप होतंय हीच तर खूण असते.

पुन्हा त्या शून्यावरच्या काट्याकडे. पॅनेलवरचा मोठा मीटर इथे फसवतो, त्याला दोन-चार व्होल्ट दिसतच नाहीत. लोड सोडवून, इंजिन पूर्ण वेगावर असताना, चांगला मल्टिमीटर आउटपुटला लावायचा, एसीवर, हात जपून, कारण व्होल्टेज अचानक चढलं तर ते जीवघेणं असतं. पडद्यावर ३.२ दिसलं, समजा. म्हणजे लोखंडाला आठवतंय. बिघाड रेग्युलेटरमध्ये, डायोडमध्ये किंवा मधल्या एखाद्या तारेत. ०.० दिसलं, तर स्विच पुन्हा ‘स्टार्ट’वर धरायचा, मनात पाच मोजायचे, आणि आकड्याकडे बघत राहायचं: ०.४, २, ११, ६०, १२०.