पहिली आवृत्ती कशी ओळखावी?

आपल्याकडील जुन्या घरांत, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, बाबासाहेबांचे ग्रंथ आणि धम्मदीक्षेच्या काळातील पुस्तिका अजूनही निघतात. घर पाडायच्या वेळी त्या रद्दीत जातात, नाहीतर एखादा जाणकार संग्राहक त्या किरकोळ पैशांत उचलतो. उलट, साध्या पुनर्मुद्रणाला 'पहिली आवृत्ती' समजून भरमसाट किंमत मोजणारेही आहेत. म्हणून सभासदांनी व विद्यार्थ्यांनी शीर्षकपृष्ठ आणि त्यामागचे पान बारकाईने पाहण्याची सवय लावावी, असे आम्हाला वाटते.

प्रस्तावनेखालच्या तारखेवर मात्र विसंबू नये. ती प्रस्तावना पुढच्या आवृत्त्यांतही जशीच्या तशी छापली जाते.

'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' हे उत्तम उदाहरण आहे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने अधिवेशन रद्द केले, तेव्हा बाबासाहेबांनी ते न झालेले भाषण १९३६ साली स्वतः छापून प्रसिद्ध केले. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींची टीका व तिला बाबासाहेबांनी दिलेले उत्तर आले. १९४४ च्या तिसऱ्या आवृत्तीत 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंधही आला. तेव्हा गांधीजींना दिलेले उत्तर ज्या प्रतीत आहे, ती पहिली आवृत्ती नव्हेच. संग्राहकाने १९३६ ची शोधावी. विद्यार्थ्याला मात्र आमच्या मते १९४४ ची अधिक उपयोगाची.

कधी नावच बदलते. 'थॉट्स ऑन पाकिस्तान' १९४० चे. १९४५ च्या आवृत्तीवर 'पाकिस्तान ऑर द पार्टिशन ऑफ इंडिया' असे नाव आहे. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' १९२३ साली लंडनमध्ये निघाले, तेच १९४७ साली मुंबईत 'हिस्टरी ऑफ इंडियन करन्सी अँड बँकिंग' या नावाने आले. 'द बुद्ध अँड हिज धम्म' तर महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या छापील प्रतीवर बाबासाहेबांची सही दाखवून कोणी किंमत वाढवू लागला, तर ती सही खोटी हे निःशंक समजावे.

साल न छापलेल्या पुस्तिकांची खरी पंचाईत. तिथे किंमत आणि पत्ता बोलतो. किंमत आण्यांत असेल तर पुस्तिका साधारणपणे १ एप्रिल १९५७ पूर्वीची, 'न. पै.' असेल तर १९५७ ते १९६४ मधली. पत्त्यात सहा अंकी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. आपल्या भागापुरती आणखी एक खूण आहे. छापखान्याच्या पत्त्यात 'तासगाव, जि. दक्षिण सातारा' असे असले, तर ती १९४९ ते १९६० या काळातली. १९६० साली त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. शके दिला असेल तर त्यात ७८ मिळवावेत.

या साऱ्या खुणा नेमक्या मुखपृष्ठावर, मलपृष्ठावर आणि पहिल्या दोन पानांवर असतात, आणि बाइंडिंग करताना नेमकी तीच पाने फाडून टाकली जातात. जुनी प्रत बाइंडरकडे देण्याआधी मूळ मुखपृष्ठ आत शिवायला सांगावे, कडा कापू देऊ नयेत. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. ती काही वर्षांत पिवळी पडून कागद खाते. आत आजोबांनी पेनाने लिहिलेले नाव किंवा खरेदीची तारीख असेल, तर तीही खोडू नये.