संगणक रात्रभर चालू ठेवावा काय?

बीदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यातील संतपूरसारख्या गावच्या शेतकऱ्यासही आता पहाणीचा उतारा संगणकाद्वारेच मिळतो. काम संपल्यावर हे यंत्र बंद करावे की चालू ठेवावे, याविषयी मात्र मतभिन्नता आढळते. सुरू होताना ते रात्रभराहून अधिक वीज ओढते, हा समज निराधार होय. त्यास लागणारी वीज काही मिनिटांच्या वापराइतकीच असते. याउलट 60 वॉटचा संगणक सायंकाळी 6 ते सकाळी 10 असा 16 तास निष्कारण चालल्यास जवळजवळ 1 युनिट खर्ची पडते. कचेरी सरकारी असली तरी देयक येतेच. पडद्यावरील फिरती चित्रेही वीज वाचवीत नाहीत. जुन्या काचनळीच्या पडद्यावर डाग उमटू नयेत, एवढ्याकरिताच ती योजिली गेली.

खरा धोका वीज अकस्मात जाण्याचा. न साठविलेला मजकूर तत्क्षणी नष्ट होतो, क्वचित लिहिली जात असलेली फाइलही बिघडते. म्हणून ‘शट डाउन’ची आज्ञा देऊन यंत्र पूर्ण थांबल्यावरच भिंतीवरील बटण बंद करावे. जेवणाच्या सुट्टीपुरती निद्रावस्था पुरेशी आहे. परंतु तीतही मजकूर तात्पुरत्या स्मृतीतच असतो, तेव्हा तो आधी साठवूनच जागेवरून उठावे.