सहरीचा चहा आणि पोटातले बाळ

पहाटे सहरीची वेळ संपत आलेली असते. घरातल्या गर्भवती सुनेला अन्नाचा वास सहन होत नाही. सासू काळजीने म्हणते, "काही जात नसेल तर निदान चहा तरी घे." मुकुंदनगरमधले हे दृश्य सावेडीतही दिसते, तिथे निमित्त संकष्टीचे किंवा एकादशीचे असते. उपवास कोणताही असो, आधार चहाचाच. माया खरी असते, पण तो कप पोटातल्या बाळापर्यंतही पोहोचतो.

चहा-कॉफीतले कॅफीन वारेतून थेट बाळाच्या रक्तात उतरते. ते पचवण्याची यंत्रणा बाळाच्या यकृतात अजून तयार नसते. आईच्या शरीरातूनही ते सावकाश जाते. एरवी निम्मे कॅफीन उतरायला चार-पाच तास लागतात. शेवटच्या तीन महिन्यांत पंधरा तासांच्या आसपास लागतात. म्हणजे इफ्तारनंतरच्या चहाचा अंमल उतरण्याआधीच सहरीचा चहा पोटात जातो.

याच महिन्यांत बाळाची हाडे भरत असतात. जन्माच्या वेळी बाळाच्या अंगात सुमारे 30 ग्रॅम कॅल्शियम असते आणि त्यातले बहुतेक शेवटच्या तिमाहीत आईकडून आलेले असते. चीनमधील वुहान विद्यापीठातील संशोधकांनी गाभण उंदरांना मोठ्या मात्रेत कॅफीन दिले, तेव्हा पिल्लांच्या लांब हाडांची वाढ खुंटलेली आढळली. अमेरिकेत 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गरोदरपणी कॅफीन घेतलेल्या मातांची मुले उंचीने किंचित कमी भरली. उंदरांवरून माणसाचा निकाल लागत नाही आणि उंचीला इतरही कारणे असतात. म्हणून घाबरण्याचे कारण नाही, हात आखडण्याचे मात्र आहे.

किती आखडायचा? दिवसाला 300 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन घेणाऱ्या गर्भवतींनी ते कमी करावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अनेक डॉक्टर 200 ची मर्यादा घालतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने दीडशे मिलिलिटर चहात 30 ते 65 मिलिग्रॅम कॅफीन असते. दोन छोटे कप चालतील. पाहुण्यांबरोबरचे पाच-सहा नकोत. जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा टाळावा, कारण त्यातले टॅनिन अन्नातले लोह अंगी लागू देत नाही.

कपाच्या जागी काय द्यायचे, याचे उत्तर जवळच, पुण्यात मिळाले आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने पुण्याजवळच्या खेड्यांतील 797 गर्भवतींचा आहार नोंदवला आणि सहा वर्षांनी त्यांच्या मुलांची हाडे तपासली. गरोदरपणी दूध, डाळी, पालेभाज्या, फळे यांसारखे पदार्थ वरचेवर खाणाऱ्या मातांच्या मुलांची हाडे अधिक भरीव निघाली.

नगर जिल्हा दुधाचा. तरी कित्येक घरांत दूध डेअरीला जाते आणि गर्भवतीच्या वाट्याला चहातले दोन चमचे उरतात. ते पेल्यात द्यावे. सोबत खजूर, तिळाची चटणी, डाळ, मेथी असावी. चौथ्या महिन्यापासून सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या जेवणानंतर घ्याव्यात. लोहाची गोळी त्यांच्यापासून दोन तास दूर ठेवावी. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची मोफत तपासणी असते. रोजा धरावा की नाही, हे तिथे डॉक्टरांना विचारता येते.

स्वतःला किंवा बाळाला अपाय होण्याची भीती असेल, तर गर्भवतीला रोजा न धरण्याची सवलत शरियतने दिली आहे; राहिलेले रोजे नंतर पूर्ण करता येतात. बाळाची हाडे मात्र त्याच नऊ महिन्यांत घडायला लागतात. उद्याच्या सहरीला सासूने चहाऐवजी दुधाचा पेला पुढे केला, तर तिची मायाही पोहोचेल आणि बाळाचा वाटाही.