अनोळखी मृताचे नाव

ठाण्याहून भिवंडीला जाणारा जुना आग्रा रस्ता बाळकुम ओलांडून कशेळीच्या पुलावर चढतो. पुलाखालचे पाणी उल्हास नदीचे. पण इथवर येता येता नदीची खाडी झालेली असते. भरती लागली की पाणी कल्याणच्या बाजूला चढते, ओहोटी लागली की घोडबंदरावरून वसईकडे उतरते. आणि जवळच ठाण्याच्या खाडीचा फाटा दक्षिणेला मुंबई बंदराकडे वळतो. अशा पाण्यात एखादे प्रेत तरंगताना दिसले, तर ते कोठून आले हे सांगणे मोठे अवघड. सापडले बाळकुमला, म्हणून माणूस बाळकुमचा असे काही म्हणता येत नाही.

पाण्याला हद्द नाही. पोलीस ठाण्यांना मात्र ती असते. बाळकुमचा काठ कापूरबावडी ठाण्याकडे, समोरचे कशेळी-काल्हेर नारपोली ठाण्याकडे. आणि ज्यांचा माणूस घरी परतला नाही ते लोक तक्रार द्यायला जाणार डोंबिवलीला, नाहीतर कल्याणला. म्हणजे ‘प्रेत सापडले’ हा कागद एका टेबलावर आणि ‘माणूस हरवला’ हा कागद दुसऱ्या टेबलावर. हे दोन कागद एकमेकांना भेटले की मृताला नाव मिळते. अनोळखी मृताची ओळख पटवणे म्हणजे मुख्यतः ही भेट घडवून आणणे होय.

आता कोणी म्हणेल, मेलेल्याला नावाचा काय उपयोग? उपयोग आहे, आणि तो जिवंतांना आहे. खून झाला असेल तर मारणारा बहुधा ओळखीच्यांतलाच निघतो. पण मेला कोण हेच ठाऊक नसेल, तर ओळखीचे तरी कोणाचे शोधायचे? बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर पोसलेल्या आपल्या पिढ्यांना खुनी शोधण्याची हौस फार. इथे त्याच्याही आधीची पायरी आहे. शिवाय घरी वाट पाहणारे असतात. ज्याची काहीच वार्ता नाही, त्याला मृत मानायला कायदा सर्वसाधारणपणे 7 वर्षे थांबायला लावतो. तोवर मृत्यूचा दाखला नाही, विम्याचे पैसे नाहीत, घराच्या कागदावर नाव चढत नाही. आणि कुंकू लावावे की पुसावे हे त्या घरच्या बाईला कळत नाही.

असे प्रेत सापडल्यावर पोलीस काय करतात ते थोडक्यात पाहू. अकस्मात मृत्यूची नोंद होते. पंचांसमक्ष पंचनामा होतो. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 खाली होई. 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली होते. मग शवविच्छेदन, छायाचित्रे, कपडे व दागिने यांची जपणूक, बोटांचे ठसे. पाण्यात राहिलेल्या प्रेताच्या हाताची कातडी कधीकधी हातमोज्यासारखी सुटून येते. त्या कातडीवरूनही जाणकार माणूस ठसे उतरवू शकतो. पण ठसा जुळवायला दुसरा ठसा आधी कोठेतरी हवा. ज्याला कधी अटक झाली नाही, त्याचा ठसा पोलिसांच्या दप्तरात कोठून असणार? ‘आधारमध्ये सर्वांचेच ठसे आहेत की!’ असे आपण सहज म्हणतो. परंतु 2016 च्या आधार कायद्याने ते ठसे कोणालाही देण्यास मनाई केली आहे. हरवलेली माणसे आणि अनोळखी मृत यांच्या जनुकीय नोंदी ठेवण्याची तरतूद असलेले डीएनए विधेयक सरकारने जुलै 2023 मध्ये लोकसभेतून मागे घेतले. तेव्हा यंत्रे कितीही आली, तरी ‘हा आमका असावा’ असे पहिल्याने सांगणारा माणूस लागतोच.

तो माणूस पुष्कळदा पोलीसही नसतो आणि डॉक्टरही नसतो. याचे एक जुने उदाहरण आपल्या मुंबईशी नाते सांगणारे आहे. बक रक्स्टन हा मुंबईत जन्मलेला आणि मुंबई विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेतलेला पारशी डॉक्टर इंग्लंडात लँकेस्टर गावी दवाखाना चालवीत असे. सप्टेंबर 1935 मध्ये त्याने पत्नी इझाबेला आणि घरात कामाला असलेली मेरी रॉजरसन या दोघींचा खून केला. ओळख पटू नये म्हणून डॉक्टरी कसब वापरून चेहऱ्यांच्या व शरीरांच्या खुणा नाहीशा केल्या आणि तुकड्यांच्या पुरचुंड्या स्कॉटलंडात मॉफट गावाजवळच्या ओहोळात टाकल्या. 29 सप्टेंबरला त्या सापडल्या. बांधायला वापरलेल्या कागदांत ‘संडे ग्राफिक’ या वृत्तपत्राचा 15 सप्टेंबरचा अंक होता, आणि तोही फक्त लँकेस्टर-मोरकँब भागात विकला गेलेला खास अंक. झाले! तपासाला गाव मिळाले. पुढे कवटीच्या छायाचित्रावर इझाबेलाचे जुने छायाचित्र बसवून पाहिले गेले, आणि ही पद्धत त्या खटल्यामुळे जगभर माहीत झाली.

पण त्याच खटल्यातल्या दोन साध्या बायका विसरू नका. पुरचुंडीत एक ब्लाऊज होता. मेरीच्या सावत्र आईने तो पाहिला आणि काखेतले ठिगळ दाखवले. ते तिनेच लावले होते. लहान मुलाचा एक झबल्यासारखा कपडा होता. तो ज्या बाईने रक्स्टनच्या मुलांसाठी दिला होता, तिने इलॅस्टिकला मारलेली स्वतःची गाठ ओळखली. नाक-डोळे नाहीसे करणाऱ्या डॉक्टरला ठिगळाची आणि गाठीची आठवण राहिली नाही. रक्स्टनला 12 मे 1936 रोजी मँचेस्टरला फाशी झाली.

दुसरे उदाहरण खऱ्याखुऱ्या हौशी शोधकाचे. अमेरिकेत केंटकी राज्यात जॉर्जटाउनजवळ 17 मे 1968 रोजी विहिरी खोदणाऱ्या एका माणसाला ताडपत्रीत गुंडाळलेले तरुण स्त्रीचे प्रेत सापडले. नाव कळेना, लोक तिला ‘तंबूतली मुलगी’ म्हणू लागले. त्या विहीरवाल्याचा जावई टॉड मॅथ्यूज हा शेजारच्या टेनेसी राज्यातला कारखान्यातला कामगार. सासऱ्याकडून ही हकीकत ऐकल्यापासून त्याला चैन पडेना. दहा वर्षे तो जुनी वर्तमानपत्रे आणि हरवलेल्यांच्या याद्या चाळत राहिला. 1998 च्या जानेवारीत, रात्री संगणकावर शोधता शोधता, त्याला एका बाईने दिलेले निवेदन दिसले: माझी बहीण 1967 च्या अखेरीपासून त्याच भागातून बेपत्ता आहे. प्रेत उकरले गेले, जनुकीय तपासणी झाली, आणि तीस वर्षांनी दगडावर नाव कोरले गेले: बार्बरा हॅकमन टेलर.

इतकी वर्षे का लागली? एक कारण ध्यानात घेण्याजोगे आहे. सुरुवातीला तिचे वय 16 ते 19 ठरवले गेले, म्हणून शोध शाळकरी मुलींचा चालला. प्रत्यक्षात ती 24 वर्षांची, लेकुरवाळी होती. प्रेताबरोबर बाळाला गुंडाळायचे फडके होते. त्याचा अर्थ तेव्हा कोणी लावला नाही. हाडांवरून वय सांगताना गळ्याजवळच्या हाडाचे टोक, अक्कलदाढ असल्या खुणा पंचविशीपर्यंत बरी साथ देतात. पुढे अंदाज फार सैल होतो. म्हणून वयाचा आकडा दोन्ही बाजूंनी ऐसपैस धरावा.

आता घरचे उदाहरण. विनोबांचे जन्मगाव गागोदे, पेण तालुक्यातले. मे 2012 मध्ये तिथल्या रानात एक जळालेले प्रेत सापडले. गावच्या पोलीस पाटलाने आपले काम केले, पोलिसांना कळवले. नमुने मुंबईला जे.जे. रुग्णालयात गेले. पण साधी अकस्मात मृत्यूची नोंदसुद्धा झाली नव्हती, हे 2015 च्या ऑगस्टमध्ये उघडकीस आले; ते प्रेत शीना बोराचे होते असे तपास यंत्रणांनी सांगितले तेव्हा! तो खटला न्यायालयापुढे गेला. दोष कोणाचा हे ठरवणे आपले काम नव्हे. आपल्यापुरता धडा एवढाच, की जो कागद तयारच झाला नाही, तो दुसऱ्या कागदाला भेटणार कसा? तीन वर्षे त्या प्रेताचे नाव विचारणारेच कोणी नव्हते.

मग हौशी माणसाने करायचे काय? पहिली गोष्ट, खुणांची प्रतवारी समजून घ्यावी. कपडे, चप्पल, पाकिटातली चिठ्ठी या सैल खुणा. त्या बदलता येतात, दुसऱ्याच्या असू शकतात. पण शिंप्याची पट्टी, धोब्याची खूण, मंगळसूत्राची घडण यांवरून गाव नि घर सुचते. गोंदण, जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण, भरलेली दाढ, मोडून जुळलेले हाड या घट्ट खुणा. हाडात बसवलेल्या धातूच्या पट्टीवर तर पुष्कळदा क्रमांकच असतो. आणि शेवटचा शब्द ठशांचा व डीएनएचा; तो आईबापांच्या किंवा मुलांच्या रक्ताशी ताडून प्रयोगशाळेने द्यायचा असतो.

दुसरी गोष्ट, जुळणाऱ्या खुणा मोजण्यापूर्वी न जुळणारी खूण शोधावी. दहा गोष्टी जुळल्या तरी, ज्याची दाढ काढलेली होती त्याच्या जबड्यात ती दाढ शाबूत असेल, तर तो माणूस तो नव्हे. हे मान्य करायला मन तयार होत नाही. महिनोन्‌महिने खपून आपण काढलेले नाव आपल्याला प्रिय होते, आणि आशेने आलेले नातेवाईकही ‘हाच तो’ म्हणून जातात.

चुकीच्या ओळखीने काय होते, याचे प्रत्यंतर बाळकुमनेच पाहिले आहे. करोनाच्या साथीत, जुलै 2020 मध्ये, तिथल्या तात्पुरत्या रुग्णालयातून एका कुटुंबाला भलत्याच रुग्णाचा मृतदेह दिला गेला. त्यांनी आपला समजून अंत्यसंस्कार केले. आणि त्यांचा माणूस तर रुग्णालयात जिवंत होता! ज्यांचा माणूस खरोखर गेला होता, ते त्याला बेपत्ता समजून शोधत होते. तिथे खून नव्हता की कपट नव्हते. झाकलेले तोंड आणि घाई, एवढ्यानेच दोन घरे होरपळली. मग खुनाच्या प्रकरणात कोणी मोबाईलवर नाव आणि फोटो फिरवून ‘हीच ती, आणि मारणारा अमुक’ असे जाहीर करू लागला, तर अनर्थ किती होईल याचा विचार करा. सापडलेला दुवा ठाण्यात लेखी द्यावा, पोच घ्यावी, पाठपुरावा करावा. नाव पुकारण्याचा अधिकार आपला नाही, आणि कोणाच्या दारात जाऊन ‘तुमचा मुलगा गेला’ असे सांगण्याचा तर मुळीच नाही.

राहिली आपणा सर्वांना करता येण्याजोगी गोष्ट. खाडीत किंवा रानात काही दिसले तर हात लावू नये. 112 ला कळवावे आणि पंच म्हणून बोलावले तर अंग काढू नये. घरचे माणूस परतले नाही तर ‘चोवीस तास थांबा’ असा कायदा कोठेही नाही; त्याच दिवशी तक्रार द्यावी. तक्रारीत ‘रंग सावळा, बांधा मध्यम’ एवढ्यावर भागवू नये. असे वर्णन लाखोंना लागू पडते. कोणता दात पडला आहे, डावा की उजवा पाय मोडला होता, कोणत्या दवाखान्यात क्ष-किरण चित्र काढले, हातावर काय गोंदले आहे, शर्ट कोणत्या शिंप्याने शिवला, हे लिहावे. आणि महिन्याभराने पुन्हा ठाण्यात जाऊन, शेजारच्या हद्दींतल्या बेवारस प्रेतांच्या नोंदी ताडून पाहिल्या का, हे विचारावे.

हे सारे प्रसंग आला म्हणजे आठवत नाही. आज घरी गेल्यावर सहज विचारून पाहा: वडिलांच्या कोणत्या दाढेत चांदी भरली आहे, बहिणीच्या मनगटावरचे गोंदण डाव्या हातावर की उजव्या? चार जणांच्या घरात चार उत्तरे येतील. एका जुन्या वहीत बरोबर उत्तर लिहून ठेवा. ती वही उघडण्याची वेळ कोणावर न येवो. पण आलीच, तर खाडीच्या काठावर पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराला त्या ओळीचा फार उपयोग होईल.