उभ्याला शाई, चालत्याला कोळसा

पॅरिसमधल्या एका गजबजलेल्या रस्त्याचं छायाचित्र लुई दागेर यांनी १८३८ साली घेतलं. वेळ दिवसाची, गाड्याघोड्यांची आणि माणसांची ये-जा चाललेली. तरीही छायाचित्रात रस्ता जवळपास ओसाड! कोपऱ्यात तेवढा एक माणूस दिसतो, पाय पुढे करून बूट पॉलिश करून घेत असलेला. त्या काळी प्लेटवर चित्र उमटायला काही मिनिटं लागत. तेवढा वेळ जो थांबला तो उमटला. बाकीचे तिथून गेले, पण प्लेटवर आलेच नाहीत.

हाच कॅमेरा नाशिकच्या द्वारका चौकात लावला तर? इथे मुंबई-आग्रा महामार्गाला पुणे रस्ता येऊन मिळतो. एक वाट सारडा सर्कलवरून जुन्या नाशकात शिरते, एक कन्नमवार पुलावरून पंचवटीकडे जाते. डोक्यावर उड्डाणपूल, खाली नाशिकरोडच्या शेअर रिक्षा, सिटीलिंकच्या बस, ट्रक आणि या सगळ्यांतून हात दाखवत रस्ता ओलांडणारी माणसं. त्यांच्यासाठी भुयारी मार्ग बांधला गेला, पण खाली उतरायला वेळ कोणाला? दागेरच्या प्लेटवर उरतील ते पुलाचे खांब, सीट भरण्याची वाट पाहणारा रिक्षावाला आणि फळांची हातगाडी. द्वारका म्हणतात ती गोष्ट मात्र निसटलेली असेल.

कागदावर ती पकडता येते, आणि मिक्स्ड मीडियाचं खरं काम इथेच सुरू होतं. अनेक जण त्याला सजावट समजतात: थोडा रंग, थोडी शाई, वर चिकटवलेला वर्तमानपत्राचा तुकडा. मला ती वेगांची वाटणी वाटते. प्रत्येक साहित्याचा स्वभाव वेगळा, म्हणून प्रत्येकाला वेगळा वेग द्यायचा.

आधी पांढरी मेणबत्ती. जिथे हेडलाइट आणि झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे हवेत तिथे ती कागदावर घासायची. मेण पाणी धरत नाही, त्यामुळे वरून रंग फिरला तरी ती जागा पांढरी राहते. मग करड्या जलरंगाचा पातळ वॉश, आणि तो ओला असतानाच त्यात बस-ट्रकचे गडद रंग सोडायचे. त्यांच्या कडा फुटून पसरतात, आणि कड हरवली की डोळ्याला ती वस्तू धावल्यासारखी वाटते. कागद वाळला की चारकोल. त्याची भुकटी कागदाच्या खरखरीत पृष्ठभागात नुसती अडकून बसते, घट्ट चिकटत नाही. म्हणून माणूस काढून झाल्यावर तो जिकडून आला तिकडे बोटाने एक फराटा ओढला, की तो चालू लागतो. शेवटी वॉटरप्रूफ शाई, जी वाळली की हलायचं नाव घेत नाही. ती फक्त थांबलेल्यांना: खांब, हातगाडीची चाकं, तो रिक्षावाला.

काळ असा हाताळण्याची हौस नाशिकला नवी नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या अंकुराची वाढ एकेक चौकट टिपत चित्रित केली आणि कित्येक दिवस काही क्षणांत बसवले. गंमत म्हणजे त्याच वर्षी इटलीत जाकोमो बाल्ला यांनी साखळीला बांधलेलं कुत्रं रंगवलं, डझनभर पाय एकमेकांवर काढून. फाळके दिवस आवळत होते, बाल्ला क्षण ताणत होते.

पण गर्दी काढताना मला सगळ्यात थक्क करतात ती डोकी. सपाट रस्त्यावर उभं राहून पाहा: तुमच्या उंचीचा माणूस दोन हातांवर असो की शंभर पावलांवर, त्याचं डोकं तुमच्या डोळ्यांच्या रेषेतच दिसतं. अंतरानुसार जागा बदलतात ते पाय. लांबच्याचे वर, जवळच्याचे खाली. एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या स्मरणचित्रात मुलं मागची माणसं कागदावर वर वर चढवत नेतात आणि बाजार डोंगरावर भरतो, तो हे ध्यानात न घेतल्यामुळे. एक आडवी रेष मारा, तिच्यावर डोक्यांचे ठिपके द्या, खाली गाजरासारखी निमुळती अंगं ओढा आणि एक पाय आखूड ठेवा. गर्दी तयार.

ती वाहते कशी, हेही पाहण्यासारखं आहे. डिर्क हेल्बिंग आणि पेटर मोल्नार या संशोधकांनी १९९५ मध्ये संगणकावर दाखवलं, की समोरासमोरून येणाऱ्या माणसांनी फक्त आपली दिशा धरली आणि एकमेकांपासून अंतर राखलं, तरी कोणी न सांगता त्यांच्या रांगा पडतात. म्हणून चित्र काढताना आधी माणसं शोधू नयेत, हे प्रवाह शोधावेत. तीन-चार लांब फराटे पुरतात.

सुधीर पटवर्धन यांची वाट याच्या उलट. ठाण्यात २००५ पर्यंत रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलेल्या या चित्रकाराची शहरी माणसं वजनदार, हाडामांसाची आहेत. त्यांची गर्दी वाहून जात नाही, समोर उभी राहते. माणूस समजून घ्यायचा तर तीच वाट मोठी. चौक समजून घ्यायला मात्र फराटाच हवा.

नाशिकच्या चित्रकारांचा ओढा साहजिकच गोदाघाटाकडे. शिवाजी तुपे यांच्या जलरंगांनी घाट आणि वाडे घरोघरी पोचवले. द्वारकेला चित्रांची वही घेऊन जावं असं सहसा कोणाला सुचत नाही. तुम्ही जा. संध्याकाळी, ऑफिसं सुटल्यावर, फुटपाथवर भिंतीला पाठ लावून उभे राहा. आणि निघण्याआधी चारकोलवर फिक्सेटिव्ह मारायला विसरू नका, नाहीतर घरी पोचेपर्यंत अर्धी गर्दी वहीच्या समोरच्या पानावर गेलेली असेल.