कुणाला सांगितलं होतं?

सैन्यात क्लार्क होतो, तेव्हा पंधरा-सोळा कोर्ट ऑफ एन्क्वायरींचं टायपिंग माझ्या हातून झालं. खोली बहुतेक वेळा सारखीच असायची. हिरव्या कापडाच्या टेबलामागे प्रिसायडिंग ऑफिसर, दोन्ही बाजूंना एकेक मेंबर, समोर साक्षीदाराची खुर्ची आणि खिडकीशी माझं मशीन. जवान हिंदीत बोलायचा, साहेब त्याचं इंग्रजी करून मला सांगायचे, मी ते कागदावर उतरवायचो. जबानी संपली की ती जवानाला पुन्हा हिंदीत वाचून दाखवायची आणि प्रत्येक पानाखाली त्याची सही घ्यायची.

एकदा घाटात गाडी उलटली होती. ड्रायव्हर नायक होता, डोक्याला पट्टी बांधूनच आला होता. तो म्हणाला, "साब, ब्रेक ढीला था, मैंने बताया था." कागदावर उतरलं ते एवढंच, की ब्रेक ढिले असल्याची साक्षीदाराला कल्पना होती. "मैंने बताया था" गळालं. कुणाला सांगितलं होतं, हे कुणी विचारलं नाही. नायकाने सही केली. ते वाक्य मीच टाइप केलं होतं आणि ते माझ्या मनातून आजही जात नाही.

आपल्या आर्मी रूल्समध्ये १८० क्रमांकाचा नियम आहे. चौकशीतून ज्याच्या चारित्र्यावर किंवा लष्करी लौकिकावर डाग येण्याची शक्यता आहे, त्याला पूर्ण वेळ हजर राहू द्यायचं, साक्षीदारांना प्रश्न विचारू द्यायचे, स्वतःचे साक्षीदार आणू द्यायचे. प्रत्येक जबानीच्या शेवटी आम्ही एक ठरलेली ओळ घालायचो, की संबंधिताने उलटतपासणी घेण्यास नकार दिला. पुष्कळदा समोरच्याला आपण कशाला नकार देतोय हेच कळलेलं नसायचं. तरीही हा नियम मला फार मोलाचा वाटतो. तो नसला तर काय होतं, हे निवृत्तीनंतर पर्ल हार्बरच्या चौकशांचे खंड वाचताना दिसलं.

जपानी विमानांनी ७ डिसेंबर १९४१च्या रविवारी सकाळी हवाई बेटांवर हल्ला केला, त्यात २,४०३ अमेरिकन माणसं मेली. एकट्या 'ॲरिझोना' या युद्धनौकेवर १,१७७. दहा दिवसांत हवाईतल्या नौदलाचे प्रमुख ॲडमिरल हजबंड किमेल आणि तिथल्या लष्कराचे प्रमुख लेफ्टनंट जनरल वॉल्टर शॉर्ट या दोन्ही अधिकाऱ्यांना पदावरून दूर करण्यात आलं. चौकशी आयोग नेमला तो त्यानंतर, १८ डिसेंबरला. अध्यक्ष होते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ओवेन रॉबर्ट्स, आणि त्यांच्यासोबत नौदलाचे दोन व लष्कराचे दोन अधिकारी.

मी वाचतो ते टायपिस्टाच्या नजरेने. वॉशिंग्टनमध्ये जनरल मार्शल, ॲडमिरल स्टार्क वगैरे वरिष्ठांशी आयोगाचं पहिलं बोलणं झालं, ते शपथेविना आणि शब्दशः नोंदीविना. होनोलुलूला पोहोचल्यावर मात्र शपथही आली आणि स्टेनोही. म्हणजे वरच्यांचं बोलणं हवेत राहिलं आणि खालच्यांचं कागदावर आलं. तुमच्यावर खटला नाही, असं किमेल यांना सांगितलं गेलं. मग वकील नाही, इतरांच्या साक्षी ऐकण्याची सोय नाही, प्रश्न विचारण्याचा हक्क नाही. स्वतःच्या जबानीची प्रत हाती आली तेव्हा ती चुकांनी भरलेली होती. दुरुस्त प्रत आयोगाने मूळ नोंदीच्या जागी घेतली नाही, पुरवणी म्हणून जोडली. १२७ साक्षीदार तपासून पाच आठवड्यांत अहवाल आला: किमेल आणि शॉर्ट यांनी कर्तव्यात कसूर केली, वॉशिंग्टनच्या वरिष्ठांनी आपलं काम केलं. ज्यांच्यावर खटला नव्हता, त्यांच्या नावापुढे देशभर हा शेरा लागला.

घाई का झाली, हे समजू शकतं. युद्ध नुकतंच सुरू झालं होतं, लोक विचारत होते, आणि जपानी परराष्ट्र खात्याचे सांकेतिक संदेश अमेरिका फोडून वाचते हे गुपित कोणत्याही किमतीत जपायचं होतं. त्या फोडलेल्या संदेशांना 'मॅजिक' म्हणत. त्यांपैकी एक २४ सप्टेंबर १९४१चा. त्यात पर्ल हार्बरच्या पाण्याचे पाच भाग पाडून कोणत्या भागात कोणती जहाजं आहेत ते कळवा, असं टोकियोने होनोलुलूतल्या वकिलातीला सांगितलं होतं. वॉशिंग्टनने तो ऑक्टोबरमध्ये वाचला. किमेलना तो कधीच पाठवला गेला नाही, आणि असं काही अस्तित्वात आहे हे त्यांना १९४४मध्ये कळलं.

या साऱ्या खंडांत मी सर्वांत जास्त वेळ थांबलो तो ओपानाच्या रडारपाशी. ओआहू बेटाच्या उत्तर टोकाला फिरतं रडार होतं, त्यावर लॉकार्ड आणि इलियट हे दोन साधे सैनिक. ड्युटी पहाटे चार ते सात. सात वाजले तरी नाश्त्याला नेणारा ट्रक आला नव्हता, म्हणून इलियटने शिकण्यासाठी यंत्र चालू ठेवलं. ७ वाजून २ मिनिटांनी पडद्यावर इतका मोठा उठाव आला, की लॉकार्डला आधी यंत्रच बिघडलं असं वाटलं. अंतर १३० मैलांहून जास्त. त्यांनी फोन लावला. माहिती केंद्रातले बहुतेक लोक सातला निघून गेले होते. उरला होता लेफ्टनंट कर्मिट टायलर, या कामावर आयुष्यात दुसऱ्यांदा आलेला. पहाटे गाडीतून येताना त्याने रेडिओवर हवाईयन संगीत ऐकलं होतं. रात्रभर गाणी वाजत असली की मुख्य भूमीवरून आपली बी-१७ विमानं त्या लहरींच्या आधारे येत असतात, असं त्याला मित्राने सांगितलेलं. ती विमानं त्या सकाळी खरोखरच येणार होती. काळजी करू नका, एवढंच तो म्हणाला. बॉम्बर्सची माहिती गुप्त, म्हणून त्याने ती दिली नाही. आणि हा उठाव आजवरचा सर्वांत मोठा आहे, म्हणजे विमानं पुष्कळ असणार, हे समोरून त्याला नीट सांगितलं गेलं नाही. इलियट ७ वाजून ३९ मिनिटांपर्यंत खुणा करत राहिला, मग डोंगरांच्या प्रतिध्वनीत सगळं मिसळून गेलं. त्या खुणांचा कागद नंतर पुराव्यात लागला.

वरवर वाचलं तर सगळा दोष टायलरच्या त्या तीन शब्दांवर येऊन थांबतो. चांगल्या चौकशीने तिथे थांबायचं नसतं. तुला तिथे कुणी बसवलं? काय करायचं ते कुणी समजावलं? शेजारच्या खुर्चीवर नौदलाचा माणूस का नव्हता? असं विचारत गेलं की तो फोन एका लेफ्टनंटचा राहत नाही, सैन्य आणि नौदल यांच्यात न झालेल्या सगळ्या बोलण्याचा होतो.

१९४४च्या नौदल कोर्ट ऑफ एन्क्वायरीत किमेल प्रथमच संबंधित पक्ष म्हणून वकिलांसह बसले. स्टार्क यांना प्रश्न विचारले गेले, मॅजिकचे कागद कोर्टापुढे आले, आणि निष्कर्ष फिरला: किमेल यांची कसूर नाही, स्टार्क यांनी हाताशी असलेली माहिती पुढे पाठवली नाही. माणसं तीच, रविवार तोच. समांतर चाललेल्या लष्कराच्या मंडळाने शॉर्ट यांच्यासोबत मार्शल यांच्यावरही ठपका ठेवला. मग पुन्हा तपास, मेजर हेन्री क्लॉसेन यांचा. फोडलेले संदेश शरीराला बांधलेल्या, पकडले गेलोच तर पेटवून देता येईल अशा पिशवीत घालून त्यांनी ५५,००० मैलांहून जास्त प्रवास केला आणि अधिकाऱ्यांना युद्धभूमीवर गाठून प्रतिज्ञापत्रं घेतली. अखेर अमेरिकन काँग्रेसच्या संयुक्त समितीचं कामकाज १५ नोव्हेंबर १९४५ ते ३१ मे १९४६ असं चाललं, साक्षीपुराव्यांचे ३९ भाग छापले गेले. आपल्याकडे १९६२च्या चीन युद्धानंतर लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि बॉम्बे सॅपर्सचे व्हिक्टोरिया क्रॉसविजेते ब्रिगेडियर पी. एस. भगत यांनी केलेला अहवाल सरकारने आजवर प्रसिद्ध केलेला नाही. ते ३९ भाग उघडताना मला दर वेळी याचं दुःख होतं.

त्या भागांमध्ये शॉर्ट यांची एक तार आहे. २७ नोव्हेंबर १९४१ला वॉशिंग्टनने युद्ध कधीही पेटेल असं कळवून, काय उपाय केले ते विचारलं होतं. शॉर्ट यांचं उत्तर त्याच दिवशी गेलं, एका ओळीचं: घातपात टाळण्यासाठी दक्षता घेतली आहे, नौदलाशी संपर्क आहे. हवाई हल्ल्याचा उल्लेखही नाही. पहारा सोपा जावा म्हणून विमानं पंखाला पंख लावून उभी केली गेली आणि ७ डिसेंबरला तशीच जळाली. पण उत्तर गेलं होतं. शॉर्ट यांनी सांगितलं होतं. वाचलं कुणी? त्या कागदावर युद्धमंत्री स्टिमसन आणि युद्धयोजना विभागाचे प्रमुख गेरो यांची आद्याक्षरं आहेत, मार्शल यांची नाहीत. उलट टपाली कुणीही विचारलं नाही, की अहो, फक्त घातपातच कसा?

डिसेंबर १९४५मध्ये समितीने हा प्रश्न गेरो यांना समोर बसवून विचारला. एव्हाना ते नॉर्मंडीत कोअर लढवून आलेले जनरल होते. कुणा खालच्या अधिकाऱ्याकडे बोट न दाखवता ते म्हणाले, चौकशी करायला हवी होती, जबाबदारी माझी. मार्शल यांनीही साक्षीत मान्य केलं, की हस्तक्षेप करण्याची संधी होती आणि आपण तो केला नाही. ते पान मी तीनदा वाचलं. तार गेल्यापासून चार वर्षं लोटली होती, आणि उत्तर मिळालं ते सरळ प्रश्न विचारला तेव्हा.

आमच्या जबान्या डबल स्पेसमध्ये टाइप व्हायच्या, दुरुस्तीला जागा राहावी म्हणून. नायकाच्या त्या पानावर ब्रेकच्या ओळीखाली तशी एक ओळ मोकळी होती. "कुणाला सांगितलं होतं?" एवढं तिथे सहज बसलं असतं.